उरलेल्या फ्रेममधली बाई

पिंप्राळा, जळगाव
२७ जानेवारी

प्रिय प्रज्ञा,

माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळे ठीक आहेत. ठीक नाही तो मी. फोन केला असता, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘जाऊ दे रे भूपेंद्र’ म्हणतेस आणि मी लगेच जाऊ देतो. वर्षभर तेच चाललंय. कागद मधे बोलत नाही, म्हणून कागद घेतला. पाटबंधारे खात्यात तेवीस वर्षं टिपणं लिहून माझं मराठी ‘पुढील आदेशार्थ सादर’ एवढंच उरलंय, तेव्हा भाषेला नावं ठेवू नकोस. ठेवायची तर मला ठेव, त्यासाठी खाली भरपूर सामान आहे.

तुझा परवाचा मेसेज मी वीस वेळा वाचला. नऊ फेब्रुवारीला अक्कांना जाऊन वर्ष होईल. साक्रीला घरीच वंदना, मग जेवण, आणि जेवणाआधी चार लोकांसमोर आबांचा कॅमेरा तू कायमचा माझ्या हातात देणार. पत्रिकेचा मजकूरही पाठवलास, ‘यादव आबांचा कॅमेरा त्यांच्या खऱ्या वारसाकडे.’ आणि त्याखाली माझ्यापुरतं लिहिलंस की योगराज नानांना बोलवायचं नाही, आईच्या कार्यक्रमात मला तो माणूस डोळ्यांसमोर नको. मी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसरं काही सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं, पण अंगठा धजला नाही. त्या मेसेजमधल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्या चुकीच्या असण्याला जबाबदार मी एकटा आहे. हे नऊ तारखेच्या आत तुला कळलंच पाहिजे.

कॅमेऱ्यापासून सुरू करतो, म्हणजे मला धीर येईल. आबा गेले त्या वर्षी, मी तुझा नुसता मित्र असूनही, अक्कांनीच तो मला वापरायला दिला. पडून राहिला तर भिंगाला बुरशी लागेल, तुझ्या हातात फिरता राहू दे, एवढंच म्हणाल्या होत्या. तुला तो लहानपणापासून माहीत आहे, पण तू त्यातून कधी बघितलं नाहीस. तूच सांगायचीस की आबा हात लावू द्यायचे नाहीत. दोन भिंगं, एकावर एक. वरच्यातून आपण बघायचं, खालच्यातून फिल्मवर उमटायचं. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरच्या काचेत वाकून बघायचं. काचेत डावं उजवीकडे दिसतं. समोरचा माणूस इकडे सरकला की तिकडे गेल्यासारखा वाटतो. पहिले सहा महिने मी लोकांना नुसतं ‘तिकडे, नाही, इकडे’ करून हैराण केलं. रोल रुंद, आणि त्यावर फोटो फक्त बारा. एक बटण दाबलं की बाराव्या हिश्श्याचा हिशेब संपला, म्हणून हात आपोआप जपून चालतो. यावलकडच्या केळीच्या बागांत थंडीचं धुकं होतं तेव्हा मी एक अख्खा रोल नुसत्या पानांवर घालवला होता. त्यातल्या एका फोटोत पानाची शीर न् शीर मोजता येते. तो बघून मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला जमतंय. तिथूनच डोक्यात हवा गेली.

आबा म्हणायचे, हा कॅमेरा डोळ्याला लावता येत नाही, माणसापुढे मान खाली घालावीच लागते, म्हणून माणूस खरा उमटतो. मी हे वाक्य आमच्या फोटोवाल्यांच्या रविवारच्या ग्रुपात दर आठवड्याला ऐकवायचो, आबांचं नाव न घेता. राजदीप आणि दिपमाला ही दोघं डिजिटलवाली पोरं भक्तिभावाने ऐकायची. फिल्म म्हणजे संयम, मी म्हणायचो. फिल्म म्हणजे समोरच्याचं ऐकणं. अगं, तू हसशील, पण हे मी तोंड वर करून म्हणायचो. उंटावरचा शहाणा कसा दिसतो ते बघायचं असेल तर ग्रुपवर माझे फोटो आहेत.

रोल धुवायला योगराज नानांकडे. तुला मी नव्याने काय सांगू, वीस वर्षं ते तुमच्याच स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत होते. आबांनी फोटो काढायचा आणि नानांनी धुवायचा. तू शाळेत त्यांच्याच सायकलवर जायचीस. जळगावला मुलाकडे आल्यावरही त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीला काळा कपडा लावून तेच काम चालू ठेवलं. माझ्यासारखे दोन-चार खुळे सोडले तर गिऱ्हाईक नाही, तरी दर महिन्याला औषध ताजं कालवायचे. जुन्या औषधात माणसाचा चेहरा धुवायचा नाही, असा त्यांचा नेम. हा नेम लक्षात ठेव.

आता तो रविवार. मागच्या वर्षीचा, जानेवारीचा एकोणिसावा. तूच मला सांगितलं होतंस, आईचा एक तरी धड फोटो काढून दे, मोबाइलमध्ये आहेत त्यात एकात डोळे मिटलेत आणि बाकीच्यात पाठ. फोटोवाल्याच्या घरात फोटो नाही, असं म्हणून आपण हसलो होतो. मी एकटा जायला हवं होतं. पण मला माझी कला दाखवायची होती, म्हणून राजदीप आणि दिपमालाला गाडीत घातलं, धुळ्यात नाश्ता केला आणि दुपारी साक्रीला पोचलो. अक्का तयार होत्या. तू पहिल्या पगारात घेतलेली जांभळी साडी, केसांना तेल, आणि कळण्याच्या भाकरी करून ठेवलेल्या. समोरच्या भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आबा, आणि आबांच्या शेजारी एक नवा खिळा. माझं लक्ष तिकडे गेलेलं बघून म्हणाल्या, ठोकी ठेवा शे. जिवंत माणसाने आपल्या फोटोसाठी आपणच खिळा ठोकून ठेवावा, याचं मला तेव्हा नुसतं हसू आलं.

लिंबाखाली खुर्ची मांडली. मी रोल भरत होतो आणि अक्का दिपमालाला जुन्या गोष्टी सांगत होत्या. त्यातली एक तुलाही आठवत असेल. स्टुडिओत रोलचे नऊ-दहा फोटो झालेले असायचे आणि कुणीतरी घाईचं गिऱ्हाईक यायचं, उद्याच फॉर्म भरायचाय म्हणून. मग आबा उरलेल्या एकदोन फ्रेम संपवायला आत हाक मारायचे, ‘रुक्मा, ये बस.’ अक्का चुलीवरचं सोडून, हात पदराला पुसत स्टुलावर येऊन बसायच्या. खटक. झालं. रोल धुतला जायचा, गिऱ्हाइकाचा फोटो छापला जायचा, अक्कांचा कधीच नाही. कागद काय फुकट येतो, असं आबा म्हणायचे. हे त्या अजिबात तक्रारीने सांगत नव्हत्या. उलट खुर्चीत नीट बसल्या, निऱ्या सारख्या केल्या आणि दिपमालाला म्हणाल्या, ‘उरेल फ्रेममा बठता बठता जनम गया मन्हा. आज बठ्ठा रोल मन्हा शे.’ बाराच्या बारा फ्रेम त्यांच्या.

प्रज्ञा, इथून पुढचं मी तीनदा लिहून फाडलं.

आबांच्या कॅमेऱ्याचं मूळचं जोडझाकण कधीच हरवलं होतं. खालच्या भिंगावर आबांनी कुठल्याशा डबीचं काळं झाकण घासून बसवलेलं होतं. काळ्यावर काळं. वरचं भिंग उघडंच असतं, त्यामुळे खालचं झाकलेलं असलं तरी काचेत सगळं लख्ख दिसतं. भिंग किती आणि किती वेळ उघडायचं त्याचे आकडेही वरूनच वाचता येतात, कॅमेऱ्याच्या तोंडासमोर जायची गरजच पडत नाही. ते झाकण काढायचं मी विसरलो. पाठीमागे उभ्या असलेल्या त्या दोघांना ते दिसणं शक्य नव्हतं. ते फक्त एका माणसाला दिसत होतं, समोर बसलेल्याला. आणि समोर बसलेल्या बाईने तीस वर्षं फोटोवाल्याचा संसार केला होता.

पहिल्या फोटोच्या आधीच अक्कांनी कॅमेऱ्याकडे हात केला. मी म्हणालो, अक्का, हात खाली. दुसऱ्याला त्या म्हणाल्या, ‘अरे भो, ते...’ मी म्हणालो, बोलू नका, सावलीत उजेड कमी आहे, ओठ हलले तर फोटो हलेल. तिसऱ्याला त्या खुर्चीतून उठायला लागल्या, तेव्हा मी जरा मोठ्यानेच म्हणालो, ‘अक्का, तुम्ही आबांच्या घरातल्या, तुम्हाला सांगावं लागतं का?’ राजदीप हसला. अक्का बसल्या. त्यानंतर एक शब्द बोलल्या नाहीत. नऊ फोटो त्यांनी झाकलेल्या भिंगाकडे सरळ बघत, मी सांगेन तशी मान करून काढून घेतले. मी मात्र मधे मधे मागे वळून त्या दोघांना संयमाबद्दल सांगत होतो.

बारावा झाल्यावर त्या उठल्या, हळूहळू माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्या अंगाआड हात नेऊन ते झाकण काढून माझ्या तळहातावर ठेवलं. त्या दोघांना दिसणार नाही असं. हळूच म्हणाल्या, ‘दुसरा रोल टाक. मी बठसू.’ माझ्या पिशवीत दुसरा रोल होता, प्रज्ञा. अर्धा-पाऊण तास तरी उजेड होता. लाज वाटून मी ‘चुकलो अक्का’ म्हणालो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण दिपमालाने झाकण बघितलं आणि विचारलं, सर, हे? आणि मी म्हणालो, आत्ताच लावलं होतं, शेवटच्या फोटोनंतर, लेन्सवर धूळ नको. पडलो तरी नाक वर. अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांनाही म्हणालो, दुसऱ्या रोलची गरज नाही अक्का, छान आलेत. त्यांनी क्षणभर वाट बघितली. मग ‘बरं’ म्हणाल्या आणि भाकरी वाढायला आत गेल्या. जेवताना मला शेंगदाण्याची चटणी दोनदा वाढली.

पुढच्या रविवारी एकटा येऊन गुपचूप दुसरा रोल काढायचा, असं मी गाडीतच ठरवलं होतं. पुढच्या रविवारी मेहुण्याकडे साखरपुडा, त्याच्या पुढच्या रविवारी कंटाळा. खोटं कशाला सांगू, कंटाळा नव्हता, अक्कांच्या समोर उभं राहायचा धीर नव्हता. आणि नऊ फेब्रुवारीला धुळ्याहून तुझ्या भावाचा फोन आला, की सकाळी छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. एकवीस दिवस मिळाले होते मला.

दरम्यान तो रोल मी नानांना दिला होता. कोरा आहे हे माहीत असून दिला. झाकणाच्या फटीतून एखादी तिरीप गेली असेल, असली काहीतरी वेडी आशा. नानांनी धुतला आणि तारेला चिमट्याने लटकवला. पूर्ण पारदर्शक. पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. पण फिल्मच्या काठाला कारखान्यातून छापून आलेले आकडे असतात, औषध बरोबर असेल तरच ते उमटतात. एक ते बारा, सगळे काळेभोर, रेखीव. नानांनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘आकडा तं बठ्ठा बराबर शेतस.’ म्हणजे धुण्यात खोट नाही, फिल्मला उजेडच दिसलेला नाही. मी म्हणालो, औषध जुनं असेल, नाना. ते माझ्याकडे बघून नुसतं ‘हं’ म्हणाले.

अक्का गेल्या त्या रात्री तू नागपूरहून निघताना फोनवर रडत विचारलंस, भूपेंद्र, तो फोटो? मी तोंड उघडलं आणि आतून जे आलं ते असं की, नानांच्या हातून रोल खराब झाला गं, औषध जुनं होतं. मी आधी ठरवलं नव्हतं. पण ठरवलं असतं तर यापेक्षा चांगलं जमलं नसतं. तुम्ही मग आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावला. दचकलेल्या चेहऱ्याचा, राखाडी. त्या खिळ्यावर.

पुण्यानुमोदनाला नाना दुखऱ्या गुडघ्याने एसटी बदलत जळगावहून साक्रीला आले होते. तू सगळ्यांसमोर त्यांना म्हणालीस, बाबांनी तुम्हाला हाताला धरून शिकवलं आणि तुम्ही माझ्या आईचा शेवटचा फोटो नासवलात. मी खुर्च्या मांडत होतो. एकच खुर्ची मी तीन वेळा सरकवली. नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं, फक्त एकदा. मग हात जोडून तुला म्हणाले, ‘मन्हं चुकनं, माय,’ आणि न जेवता निघाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं, आणि चोर खुर्च्या मोजत होता. माझी गाडी दारात उभी होती. त्यांना स्टँडपर्यंत सोडायलाही मी गेलो नाही. त्यानंतर वर्षभर त्यांच्या गल्लीतून जायचं टाळलं. पिंप्राळ्यात राहून एक गल्ली टाळायची म्हणजे भाजीलाही वळसा पडतो. तू विचारशील, त्यांनी खरं का सांगितलं नाही? मीही हेच विचारत राहिलो. मला वाटतं, मी तुला खरं सांगेन म्हणून ते थांबले होते. जसं त्या दिवशी अक्का थांबल्या होत्या.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. तुझा मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी नानांनी नातवाच्या फोनवरून मला बोलावून घेतलं. वर्षाचा कार्यक्रम आहे हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. कॉटखालून त्यांनी फोटोच्या कागदाचा जुना खोका काढला. आत बटरपेपरच्या पुड्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने साल. आबा उरलेल्या फ्रेम कापून कचऱ्यात टाकायचे, त्या नाना उचलून ठेवायचे. माणसाचा चेहरा केरात कसा टाकायचा, म्हणाले. एकशे चौदा निगेटिव्ह आहेत, प्रज्ञा. सगळ्या अक्कांच्या. वीस वर्षांच्या. एकीत हाताला पीठ आहे. एकीत पोट दिसतंय, म्हणजे तू आहेस. एकीत त्या कॅमेऱ्यामागच्या कुणाला तरी रागावतायत, बहुधा आबांना. मी खिडकीशी धरून एकेक बघत होतो आणि नाना म्हणाले, तू दे तिला. माझ्या हातून ती घेणार नाही. आबांच्या कॅमेऱ्याच्या पेटीत सापडल्या म्हण, मन्हं नाव नको लेऊ. मी तो खोका घरी आणला. आणि तुला हेही सांगितलंच पाहिजे की एक अख्खा दिवस मला ते पटलं होतं. नऊ तारखेला चार लोकांसमोर मी तो तुझ्या हातात देतोय, तू रडतेयस, असं सगळं मी मनात बघूनही घेतलं. रात्री जेवताना बायकोने ताटात शेंगदाण्याची चटणी वाढली आणि मी ताट सरकवून उठलो. आज सकाळी मी तो खोका नानांना परत देऊन आलो, आणि कॅमेराही त्यांच्याच कॉटवर ठेवला. त्यांनी विचारलं, का रे? मी म्हणालो, प्रज्ञा येईल. तू साक्रीला जाताना जळगावला उतरशील ना, तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस. नानांकडे जा. ते पुन्हा ‘मन्हं चुकनं’ म्हणतील, त्यांना वाक्य पुरं करू देऊ नकोस. कॅमेऱ्यात मी रोल भरलाय, तोच, त्या दिवशी पिशवीत राहिलेला. वाटलं तर नानांचा एक फोटो काढ, त्यांचाही कुणी काढलेला नाही. आधी खालचं झाकण काढ. आणि समोर बसलेला माणूस काही सांगत असेल तर ऐकून घे.

तुझाच, आणि ज्यांना मी गप्प बसवलं त्या अक्कांचाही,
भूपेंद्र